धूपछाव

खंडेरावांच्या येवल्यातल्या मागावर हर्षालीची लग्नाची पैठणी पुरी झाली होती. सासूबाईंनी हिरवीच सांगितलेली. दाराशी उभ्या आईला ती हिरवी दिसली. मागाच्या पलीकडून हर्षालीला मात्र जांभळी.

“काका, हिचा खरा रंग कोणता?”

“धूपछाव आहे, पोरी. उभा धागा जांभळा, आडवा हिरवा. जिथून बघशील तशी.”

“आणि कुणीच बघत नसेल तेव्हा?”

“तेव्हा मी जेवायला गेलेलो असतो. मला कसं कळणार?”

हर्षालीनं पदर हलवला. मोरानं मान वळवावी तसा रंग वळला.

“सासूबाई जांभळी म्हणाल्या तर?”

“त्यांना दोन पावलं चालायला सांग.”

आई हसली. हर्षाली मात्र पैठणीभोवती हळूहळू फिरत राहिली. हिरवा नेमका कुठे संपतो, ती जागा तिला हवी होती.