हवेची समजूत काढणारं कडं

तीसेक माणसं पंख्याच्या खोलीत घुसली होती. कुणाच्या हातात पानं गोळा करायचं दाताळं, कुणाच्या हातात मोहरी लावलेलं सॉसेज. मे महिन्यातलं सोसायटीचं श्रमदान अर्धवट टाकून सगळे माळ्यावर चढले होते, कारण वीज वाचवणारी तांब्याची कडी विकणारा आर्मास आला होता.

"हवा रागावते, मंडळी," आर्मास हळू आवाजात म्हणाला. "लोखंडी पाती तिला दिवसभर थोबाडीत मारतात. मग ती अडून बसते आणि पंखा वीज पितो. या कड्याचं तांबं उत्तरेकडच्या लॅपलँडच्या बर्फात सात हिवाळे गाडलेलं आहे. ते तिची समजूत काढतं."

"किती छान समजावतो," इर्मा म्हणाली. ती दुसऱ्या मजल्यावरची.

पंखे दोन, शेजारी शेजारी. एक 'ए' जिन्याच्या घरांतली ओलसर हवा ओढून बाहेर टाकणारा, दुसरा 'बी'चा. 'ए'वर ऑक्टोबरपासूनच कडं होतं. आज 'बी'ची पाळी. वायरीला वीज मोजणारा मीटर लावला होता, त्यावर आकडा सहा. आर्मासने कडं अडकवलं.

"आता एक मिनिट डोळे मिटा. हवेसाठी मौन."

गप्प बसायला या सोसायटीत कुणाला शिकवावं लागत नाही. सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा मीटरवर तीन!

टाळ्या पडल्या. चेअरमन काउकोने तर टोपीच काढली.

मेर्वीने डोळे मिटले नव्हते. मागून तिला फक्त आर्मासची पाठ दिसली, आणि पाठीआड हललेलं कोपर. बस. तिला तेवढं पुरलं.

पंधरा वर्षं या पंख्यांची देखभाल तिच्या हातात होती. पण ऑक्टोबरमध्ये कड्याने 'ए'चा आकडा निम्म्यावर आला आणि काउको भर मीटिंगमध्ये म्हणाला, "म्हणजे पंधरा वर्षं तू आमची निम्मी वीज उडवत होतीस?" माळ्याची किल्ली काढून घेतली. लोक लिफ्टमध्ये तिच्याशी बोलेनात.

तेही तिने गिळलं असतं. पण तिची आई, आउने, 'ए'च्या तिसऱ्या मजल्यावर राहायची. छाती आधीच नाजूक. फेब्रुवारीपर्यंत न्हाणीघराचं छत काळं पडलं, टॉवेल वाळेनात. मेर्वीने छताजवळच्या हवा ओढणाऱ्या जाळीला कागद लावून बघितला. हवा ओढली जात असेल तर कागद चिकटतो. तो खाली पडला. ती काउकोकडे धावली. "अरे, हवा जातच नाहीये!" तर तो म्हणाला, "कागदाला काय कळतं? मीटर खोटं बोलतो का?"

मार्चमध्ये आई दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, घरातली हवा सुधारल्याशिवाय घरी पाठवणार नाही. आई रोज विचारायची, "घरी कधी?" मेर्वीला आईला घरी न्यायचं होतं. आणि त्याआधी तिला आर्मास हवा होता. सगळ्यांसमोर.

"मलापण जमतं हे," ती मोठ्याने म्हणाली.

लोक वळले. "आली बघा," कुणीतरी पुटपुटलं.

"तुझ्याकडे कडं कुठेय?" काउकोने हसत विचारलं.

मेर्वीने इर्माच्या ताटलीतला वेलचीचा गोड पाव उचलला. "हा पुला पाव चालेल."

सगळे खदखदून हसले. ती 'ए'च्या पंख्याशी गेली, आर्माससारखीच लोकांकडे पाठ करून उभी राहिली आणि मीटर इकडच्या वायरीला लावला. तीन. मग कडं काढलं आणि दुसरा हात पाठीआड नेला. आकडा चढत चढत सहावर गेला.

"बघितलंत? कडं काढलं की वीज वाढली!" काउको ओरडला. सगळे खूश. आर्मास तेवढा पांढराफटक पडला.

मेर्वीने सुतळीने पाव पंख्याला बांधला. "लॅपलँडचा नाही, कोपऱ्यावरच्या बेकरीतला आहे. डोळे मिटा. मौन."

मिनिटाने डोळे उघडले. मीटरवर तीन.

"पावाने?" इर्माचा घास तोंडातच राहिला.

"आता डोळे उघडे ठेवा." मेर्वी बाजूला झाली. पंख्याला जोडलेल्या हवेच्या नळीभोवतीचं कापडी आवरण तिने फाडलं. आत, कापडावरूनही चाचपून फिरवता येईल असा, लोखंडी दांडा होता. तो एकीकडे फिरवला, सहा. दुसरीकडे, तीन. पुन्हा सहा. पुन्हा तीन.

"ही झडप. मीच बसवलेली. पंख्याचं काम हवा ढकलणं. वाटच बंद केली तर ढकलायला हवा नाही, पंखा रिकामा फिरतो. रिकाम्या फिरण्याला वीज कमी लागते. हमाल ओझं न उचलता नुसता येरझारा घालतो, तसा. ती वीज वाचली नाही, तुमचा श्वास कापला गेला."

"मग मीटर..." काउको चाचरला.

"मीटर खरंच बोलत होता. हवा किती जाते, हे तू त्याला विचारलंस का? कागद सांगत होता, त्याला तू हसलास." तिचा आवाज चढला. "वीज वाचवायची ना? तीन वर्षं सांगतेय, पात्यांवरची धूळ काढायला पैसे मंजूर करा, वेग कमी करता येईल अशी मोटर बसवा. वेग एक पंचमांश कमी केला तर वीज निम्मी लागते, आणि हवा तरी जात राहते. हे साधं गणित आहे. ते तुम्हाला कंटाळवाणं वाटलं. बर्फात गाडलेलं तांबं आवडलं. यापुढे कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर आधी विचारा, का?"

आर्मास जिन्याकडे सरकला. तिथे तीस माणसं होती आणि एकही हलली नाही.

"पोलिसांना मी बोलावते," इर्मा म्हणाली.

"बोलाव. पण श्रमदान संपायचंय अजून." मेर्वीने काउकोपुढे हात केला. "किल्ली." त्याने ती खिशातून काढून दिली. दोन्ही झडपा उघडून तिने माळ्याला कुलूप घातलं, आणि आर्मासला आउनेच्या न्हाणीघरात नेलं. काउकोलाही. दोघांच्या हातात घासण्या दिल्या.

"छत आधी."

तासाभरात आर्मासचे डोळे लाल झाले. काळी बुरशी त्याच्या केसांत पडत होती. "श्वास घेववत नाही इथे," तो खोकत म्हणाला. "जरा दार उघड."

मेर्वीने कागद काढून जाळीला लावला. तो चटकन चिकटला.

"हवा जातेय," ती म्हणाली. "माझ्या आईच्या वेळी जात नव्हती. घास."