सुयांची उशी

शिंप्याने सुई पुन्हा एकदा स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि आपल्या उशीत खोचली. टेबलापलीकडे बायको कोटाचं अस्तर टाचत होती. इतकी वर्षं दोघांच्या मध्ये सुयांची एकच उशी असायची. दोऱ्याचं टोक ती ओठांत ओलं करायची, सुई ओवायची आणि न बघताच त्याच्याकडे सरकवायची. परवा-तेरवा त्याने चिंध्या कोंबून स्वतःची वेगळी उशी शिवली.

"एका दुकानात दोन चुली!" ती म्हणाली होती. "सासूबाईंनी बघायला हवं होतं हे."

तो हसला नव्हता. कापड खरेदीला परगावी गेला असताना लॉजवर एका रात्री त्याचं पाऊल घसरलं होतं. तेव्हापासून अंगावर साधं घामोळं उठलं तरी काळजात धस्स व्हायचं. शेवटी गुपचूप जाऊन रक्त देऊन आला. एचआयव्ही धरून सगळंच तपासू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एकत्र जेवल्याखाल्ल्याने हे लागत नाही, हेही त्यांनी समजावलं. पण शिंप्याच्या घरात सुई बोटात घुसते, हे त्यांना कोण सांगणार? रक्त काढल्यावर कोपराच्या खळग्यात लावलेली गोल पट्टी त्याने रस्त्यातच काढून फेकली. निळा डाग मात्र राहिला, म्हणून या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट.

आज निकाल कळायचा होता.

"मास्तर, पँटला तिसरा पाय लावताय का?" दारातून बँकेतल्या कारकुनाने विचारलं.

"उद्या देतो."

"तुमचा उद्या कधी उजाडतो हो?"

एरवी त्याने टोला परतवला असता. आज त्याने उलट्या बाजूने शिवण घातली, उसवली, पुन्हा तशीच घातली. सकाळी बायको बटणं आणायला म्हणून गेली आणि बऱ्याच वेळाने बटणांशिवाय परतली, तेव्हाही त्याने काही विचारलं नव्हतं.

फोन थरथरला. तो धडपडत मागच्या दारी गेला.

"सगळं ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही निघालेलं नाही."

तो भिंतीला टेकला. मग नळाखाली तोंड धुतलं, मान भिजवली, बाह्या वर सारल्या आणि शीळ घालतच आत आला. आपल्या उशीतली एकेक सुई काढून तो तिच्या उशीत खोचू लागला.

"एकच बरी," तो म्हणाला. "उगाच जागा अडते."

बायकोने काम थांबवलं. त्याच्या सुया तिने वेचून काढल्या आणि हात लांबवून पुन्हा त्याच्या उशीत टोचल्या. तिची बाही मागे सरकली. कोपराच्या खळग्यात तसलीच गोल पट्टी होती.

त्याने वर सारलेली बाही खाली ओढली.

"असू द्या तिकडेच," ती म्हणाली. दोरा ओठांपाशी नेता नेता थांबली आणि टोक तिने कात्रीने छाटलं. "माझा निकाल अजून यायचाय."