डाव्या हाताचं काम

“माझ्या पोराच्या गुडघ्याला काही झालं ना, तर तुझं तोंड बघायची नाही मी. सांगून ठेवते.”

“ताई, चहा गार होतोय.”

“चहा गेला खड्ड्यात. शपथ घे आधी.”

ताईनं सकाळी बेल दाबली ती दार उघडेपर्यंत सोडलीच नव्हती. तो गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून बसलेला, पाय स्टुलावर. साडेसहा फुटांचा गडी, पण मोठ्या बहिणीपुढे भिजलेलं मांजर.

भांडण साधं होतं. दुपारी बास्केटबॉलची मॅच. समोरच्या टीमचा सगळ्यात भारी प्लेयर म्हणजे ताईचा मुलगा. पोराला बॉल धरायला ह्याच मामानं शिकवलेलं. गेल्या वर्षी पोराच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आत्ता कुठं तो परत उभा राहिलाय. आणि मामाचं काम काय, तर समोरच्या सगळ्यात भारी प्लेयरला पाडायचं.

हो, तेच काम, पगार त्याचाच. प्रत्येकाला पाच फाउल मिळतात, पाचवा केला की बाहेर. बाकीचे जपून वापरतात, हा उधळायलाच उतरतो. कधीकाळी तोही बास्केट टाकायचा, लोक उभे राहून ओरडायचे. मग गुडघे गेले. क्लब बदलत गेले आणि प्रत्येक क्लबात बेंचवरची खुर्ची कोचपासून लांब लांब सरकत गेली. आता टीमची पोरं त्याला स्पीडब्रेकर म्हणतात. मागून नाही, तोंडावर.

पण त्याची एक खुबी होती. उजव्या हातानं मारायचा आणि त्याच वेळी डावा हात समोरच्याच्या पाठीमागे घालून त्याला पडताना धरायचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं दोघं गळाभेट घेतायत. आजवर ह्याच्या हातून कुणाचं हाड मोडलेलं नाही.

“अगं, मी धरतो ना त्यांना,” तो म्हणाला.

“धरायचंच असतं तर मारतोस कशाला?”

त्यानं चहा पिऊन टाकला. गारच झाला होता. ताई त्याच्याकडून शपथ वदवून न घेताच स्टेडियमवर गेली, पोराच्या टीमच्या बाजूला बसायला.

चेंजिंग रूममध्ये फिजिओ त्याच्या घोट्याला पट्टी गुंडाळत होता, तेवढ्यात कोच आला. कोच वयानं लहान, पण टाय वगैरे बांधलेला.

“आज तुला शेवटी उतरवणार,” कोच म्हणाला. “आणि आज धरायचं नाही.”

“भाचा आहे तो माझा.”

“म्हणून तर आधी सांगतोय. ऐन वेळी माया नको. पुढच्या सीझनला खेळायचंय ना?”

फिजिओ एकदम पट्टी शोधायला लागला. पट्टी त्याच्या हातातच होती.

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. रागाला पण जोर लागतो. त्याला वाटलं, एकदा हो म्हणावं, मग पुढचं वर्षभर कुणी काही विचारणार नाही. तो मान हलवून बुटाची लेस बांधायला लागला.

मॅच अंगावर येत गेली. भाचा असा घुसत होता की टीमचे दोघंतिघं नुसते बघत राहायचे. शेवटी ह्यांच्या टीमकडे एका पॉइंटची आघाडी आणि थोडेच सेकंद उरले, तेव्हा कोचनं त्याच्याकडे बोट केलं. बसून बसून त्याचे गुडघे लाकूड झालेले. तो आत गेला तसा भाचा हसला.

“या मामा, तुमचीच वाट बघत होतो.”

“बॉल बघ, माझं थोबाड नको.”

भाच्यानं बॉल घेतला आणि सरळ त्याच्यावर आला. ह्याचा उजवा हात सुटला. डावा अंगालगतच राहिला. हे त्याला कळलं, तोवर अंग पुढं गेलेलं.

पण तिथं कुणी नव्हतंच. भाचा मध्येच थांबून एक पाय मागे सरकला होता. हा रिकाम्या हवेत झेपावून दोन्ही तळव्यांवर आपटला. वरून बॉल जाळीत गेला आणि मॅच संपल्याचा भोंगा वाजला.

“मामालाच मामा बनवलं,” गॅलरीतून कुणीतरी बोललं आणि हशा पिकला.

बाहेरच्या पॅसेजमध्ये कोच जवळून गेला. “सोडलंस ना भाच्याला? छान. उद्या ऑफिसात ये.”

मागोमाग ताई धावत आली. तिचं डोकं त्याच्या छातीपर्यंतच पोचायचं, तिथंच ती घट्ट बिलगली. “मला माहीत होतं तू सोडशील. सकाळी उगाच तोंड टाकलं.”

“सोडलं नाही गं. मी पोचलोच नाही.”

“गप रे. चांगलं वागलास ते कबूल करायला पण लाज वाटते तुला.” डोळे पुसत ती पोराची बॅग आणायला गेली.

भाचा भिंतीला टेकून उभा होता. गुडघ्यावर बर्फ, तोंडावर घाम. आता हसत नव्हता.

“मामा.”

“हं.”

“डावा हात कुठं होता?”

ताई बॅग घेऊन परत येत होती. त्यानं आपली पिशवी खांद्यावर टाकली.

“टीमची बस सुरू झाली रे,” तो म्हणाला. “मला आता निघायला पाहिजे.”