तांब्याचा उंचवटा

आत्याचा धीर अख्ख्या प्रयोगशाळेत प्रसिद्ध होता. त्या अगडबंब यंत्राच्या निर्वात पोटात तांब्याच्या संयुगाचा इवलासा तुकडा ठेवायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि उडून आलेले इलेक्ट्रॉन मोजत दिवसभर ठाण मांडून बसायचं. इलेक्ट्रॉन किती जोराने सुटले, यावरून पृष्ठभागावरच्या तांब्याने आधीच किती इलेक्ट्रॉन गमावलेत ते कळते. मोजणी लांबली की आलेखाची रेघ स्वच्छ येते, म्हणून आत्या ती लांबवतच राही. तिच्या हाताखाली पीएचडी करणारी भाची मात्र पक्की उतावळी.

या तुकड्यावरचं तांबं एकच इलेक्ट्रॉन गमावलेलं असतं, या शोधावर आत्याचं नाव झालं होतं. उद्या भरल्या सभागृहात ती त्यावरच बोलणार होती. भाचीने ताजा तुकडा आत सरकवला आणि न राहवून पहिल्याच झटपट मोजणीची रेघ उघडली. मुख्य शिखराशेजारी ठसठशीत उंचवटा होता. ही तर दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या तांब्याची खूण! मोजणी चालू राहिली तसा तो विरत गेला. क्ष-किरणच तांब्याला बदलत होते, आणि आत्याच्या लांबलेल्या मोजणीत उंचवटा दिसण्याआधीच पुसला जात होता.

गप्प बसावं, असं तिच्या मनात आलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आत्या, जरा हे बघतेस?"

आत्याने चष्मा पुसला. तुकडा किंचित सरकवून किरण न पडलेली जागा समोर आणली. उंचवटा पुन्हा हजर.

"मी तांब्याला विचारत नव्हते गं, छळत होते," ती म्हणाली.

"उद्याचं व्याख्यान रद्द करूया?"

"का म्हणून? लोक ऐकायला येतायत, खरं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी आत्याने दोन्ही रेघा पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या.

"माझं चुकलं होतं," तिने शांतपणे सांगितलं. "चूक माझ्या भाचीने पकडली."

मागून कुणीतरी खवचटपणे विचारलं, "मग तुमच्या त्या गाजलेल्या निबंधाचं काय?"

"मागे घेतला. सकाळीच कळवलंय छापणाऱ्या नियतकालिकाला."

भाचीचे डोळे भरून आले. आत्याच्या नावाचा तिला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.