खुंटी फिरली नाही, तो दिवस

मित्रांनो, फोटो स्टुडिओच्या काचेच्या कपाटात रिकाम्या फ्रेमा आणि बंद पडलेल्या घड्याळाच्या मधे एक काळं, जड काहीतरी बसलेलं दिसतं ना, तो मी. मी एक जुना रोलचा कॅमेरा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रोल पाहिलाही नसेल. एका रोलवर छत्तीस फोटो निघत आणि चुकलेला फोटो पुसता येत नसे, म्हणून माणसं आधी विचार करत आणि मग बटण दाबत. हल्ली हा क्रम उलटा झाल्याचं ऐकतो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात बारीक चाकं बसवली, भिंग पुसलं आणि शेवटी एकीने माझी लिव्हर ओढून डाव्या खांद्यावरच्या खुंटीकडे पाहिलं. लिव्हर ओढली की पोटातला रोल एक घर पुढे सरकतो आणि रोल सरकला की ही खुंटी फिरते. खुंटी फिरली, म्हणजे कॅमेरा खरं काम करतोय. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुकानातून मला अण्णांनी आणलं. अण्णा भाड्याची गाडी चालवत. थोरल्या मुलीला, म्हणजे ताईला, स्टुडिओ काढायचा होता, म्हणून त्यांनी वर्षभर सुट्टीच्या दिवशीही गाडी बाहेर काढली आणि त्या जादा फेऱ्यांतून मी घरात आलो. तेव्हा ती दुधी रंगाची गाडी माझी थोरली बहीणच म्हणायची. ती कमावती, मी लाडका.

ताईच्या हाताखाली मी अर्ध्या शहराचे चेहरे पाहिले. माझं मत विचाराल, तर फोटोला येताना लोक आपला चेहरा घरी ठेवतात आणि दुसऱ्याचा उसना घालून येतात. घरात सगळ्यांवर गुरगुरणारा माणूस माझ्यासमोर गरीब गाय होऊन बसे. आणि जिचं हसू सगळ्या आळीला ऐकू जाई, ती बाई तोंडात पाणी धरल्यासारखी गप्प. ताई सगळ्यांना एकच मंत्र म्हणे. "हनुवटी खाली. खांदे सैल. श्वास घ्या. अहो, सोडू नका लगेच!" आणि प्रत्येक वेळी लिव्हर ओढताना तिची नजर खुंटीवर जाई. "ताईंसारखा हात नाही," असं लोक म्हणत. मला कुणी काही म्हणत नसे, पण कौतुकातला माझा वाटा मी मनातल्या मनात उचलून घेई.

पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला. ताईनेही नवा कॅमेरा घेतला आणि मी खणात रबरबँड, जुन्या किल्ल्या यांच्या पंगतीला जाऊन बसलो.

माझ्या बहिणीचं तर याहून भारी झालं. अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आणि गाडी धाकट्या मुलाच्या गॅरेजात गेली. धाकट्याला सगळे पान्या म्हणतात, कारण रांगायला लागल्यापासून त्याच्या हातात पाना. काही महिन्यांनी अण्णा गाडी बघायला गेले.

"गाडी कुठाय माझी?"

"हीच की, अण्णा."

दुधी रंग जाऊन गर्द जांभळा आला होता. टप खाली, चाकं रुंद, पोट जमिनीला टेकायच्या बेतात.

"ही? हे तर कुणीतरी पाय दिलेलं वांगं आहे!" असं म्हणून अण्णा जे मागे फिरले, ते दोन वर्षं लेकाशी बोलले नाहीत. पान्याही त्यांचाच मुलगा. त्यानेही अबोला अगदी मन लावून, नेटका सांभाळला. काही सांगायचं झालं की दोघंही ताईकडे येत. "त्याला म्हणावं." "त्यांना सांग."

एवढ्या लोकांना एका चौकटीत बसवणाऱ्या ताईकडे या दोघांचा एकत्र फोटो एकच होता आणि त्यात पान्याला धड दातही नव्हते. तसा एक फोटो हवा, एवढंच तिला वाटे. म्हणून सजवलेल्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं आणि पान्याने आपलं जांभळं वांगं तिथे मांडायचं ठरवलं, तेव्हा ती अण्णांच्या मागेच लागली.

"मी तुझ्या सोबतीला येतोय. गाडी बघायला नाही," अण्णा म्हणाले. "आणि ते फोनबिन नको. फोनमधले फोटो कुणी बघत नाही. आपला कॅमेरा घे."

आपला कॅमेरा! मित्रांनो, किती दिवसांनी मला कुणी आपला म्हणालं होतं.

मैदानाच्या दारातच मौज झाली. एक गाडी इतकी खाली उतरवली होती की ती गतिरोधकावर पोट टेकवून बसली आणि चौघांनी तिला उचलून पलीकडे ठेवलं. आत नुसता झगमगाट. धनी मंडळी मऊ फडक्याने आपापल्या गाडीवर उमटलेली बोटं पुसत होती. कुणाची बोटं, तर बहुतेक स्वतःचीच. एका गाडीचं मागचं सीट काढून तिथे स्पीकर भरले होते. अण्णांनी वाकून पाहिलं. "आणि माणसं कुठं बसायची?"

"माणसं बाहेर उभी राहून ऐकतात, काका," गाडीवाला म्हणाला.

"मग गाडी कशाला? भिंतीत बसवायचं!"

एका बाकावर बसून ताई माझ्यात रोल भरायला लागली. नेमके तेव्हाच तिच्या डाव्या बाजूला अण्णा आणि उजव्या बाजूला पान्या.

"त्याला म्हणावं, टोपी घाल, ऊन लागतंय."

"त्यांना सांग, टोपी गाडीत आहे. हवी तर त्यांनीच घालावी."

"मला वांग्यातली टोपी नको."

"अरे, मी काय टेलिफोन आहे का तुमचा?" ताई वैतागली आणि तिने माझं मागचं झाकण फटकन लावलं. रोलची शेपटी चाकाच्या खाचेत अडकलीच नव्हती, नुसती टेकली होती. ताईने लिव्हर ओढली. खुंटी हलली नाही. तिची नजर तेव्हा अण्णांच्या कपाळावरच्या आठीवर होती.

मी काय करणार? कॅमेऱ्याला डोळा देतात, तोंड देत नाहीत.

ताई फोटो काढत सुटली. वर उघडणारी दारं, बॉनेटच्या आतले चकचकीत नळे, आरशासारख्या दारात पडलेलं आभाळ. माझं बटण खटखट वाजत होतं, आकडा पुढे सरकत होता, आणि पोटात रोल आपल्या जागी गाढ झोपला होता.

उन्हं कलली तसे अण्णांचे पाय दुखायला लागले. जवळपास बसायला जागा नव्हती. होती ती एकच गाडी, जिचं दार त्यांना ओळखीचं होतं. "फक्त बसतोय," असं ताईला बजावून ते ड्रायव्हरच्या जागी बसले. पान्या शेजारच्या सीटवर फडकं घेऊन काच पुसत होता. तो तसाच थांबला.

अण्णांनी समोर बघितलं. डावा हात, त्यांनी न सांगताच, खाली गेला आणि गिअरच्या मुठीवर बसला. मूठ जुनीच होती. एका बाजूने झिजलेली, अण्णांच्या तळव्याच्या मापाची.

"ती नाही बदलली," पान्या म्हणाला. थेट त्यांनाच.

अण्णांनी मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बदलली असतीस, तर हात मोडला असता तुझा."

"म्हणूनच नाही बदलली."

दोघंही हसले. मग पान्याने अण्णांच्या हातावर हात ठेवला आणि बंद गाडीचा पहिला गिअर टाकला. "बघा, आता कसा पडतो. लोण्यासारखा." अण्णांनी मान हलवली, मान तशीच खाली ठेवली, आणि मी भिंगातून त्यांचा चेहरा पाहिला. उसना नव्हता. घरी ठेवून यायचा असतो ना, तो होता.

ताईने बटण दाबलं.

थोड्या वेळाने ती आकड्याकडे बघून खुश झाली. "छत्तीसचा रोल, आणि चाळिसावा फोटो! आज रोलही उदार झालाय!" दुसऱ्याच क्षणी तिचं हसू उतरलं. तिने लिव्हर ओढून खुंटीकडे पाहिलं. खुंटी फिरलीच नाही, रोल जिथल्या तिथे. ताईने माझ्या भिंगावर झाकण बसवलं आणि दोघांना म्हणाली, "मस्त आलेत."

त्यानंतर अण्णांचा फोन येऊ लागला. "फोटो झाले का?" पान्याचाही येई. "अण्णांचा तो कसा आलाय?" ताई म्हणे, धुवायला टाकलाय. विचारता विचारता दोघं एकमेकांनाच विचारू लागले, आणि एके दिवशी दोघं मिळून स्टुडिओत येऊन थडकले. तेव्हा तिने सांगून टाकलं.

"एवढी मोठी स्टुडिओवाली!" अण्णा हसले. "चल, पुन्हा काढ."

पुन्हा काढला. माझ्यानेच काढला, खुंटीकडे दहादा बघून. जांभळ्या गाडीपुढे अण्णा ताठ, पान्या ताठ, दोघांच्याही हनुवट्या खाली. उत्तम फोटो आला. तो मोठा करून ताईने माझ्या समोरच्या भिंतीवर लावलाय आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतो, काय सुरेख आलाय!

अण्णा आता नाहीत. पान्या अधूनमधून येतो, त्या फ्रेमपुढे उभा राहतो आणि विचारतो, "ताई, तो पहिला कसा होता गं?" ताई म्हणते, "माझा हात हलला होता रे, नीट दिसलंच नाही." मला दिसलं होतं. सगळं नीट दिसलं होतं. पण माझ्याकडचं काढून द्यायला रोल लागतो, आणि तो त्या दिवशी झोपला होता.

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी खणात पडलं असेल, तर त्याला बाहेर काढा. धूळ पुसा, रोल भरा, आणि भरताना भांडू नका. लिव्हर ओढून खुंटी बघा. फिरली, तर आपल्या माणसाला समोर घ्या. ताठ उभं नका करू. बसवा त्याच्या जुन्या जागी, त्याचा हात आपोआप जिथे जातो तिथे जाऊ द्या, आणि मग दाबा.