पुसायचा राहिलेला फोन

बालगृहात आलेल्या प्रत्येक मुलीचा फोन मोठ्या बाई पहिल्याच दिवशी पुसून कोरा करतात. मग तो कपाटात जातो आणि रोज पाच ते सहा एवढाच हातात मिळतो. मी आले तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. बाईंच्या हातावर मी काच फुटलेला जुना फोन टेकवला आणि खरा उशीच्या अभ्र्यात लपवला.

त्यात आईच्या आवाजातले अकरा निरोप होते. दूध उतू गेलं, येताना आणखी घेऊन ये, असले. आई गेल्यावर माझ्याकडे तिचं तेवढंच उरलं होतं. ते मी कुणाच्या बापाला पुसू दिलं नसतं.

फोन माझ्या बापाने घेऊन दिलेला. त्याच्याच माराला कंटाळून मी आणि माझी नऊ वर्षांची बहीण चिमणी इथे आलो होतो, आणि इथला पत्ता त्याला कळू द्यायचा नव्हता. मी त्याचा फोन उचलत नव्हते, उत्तर देत नव्हते. एवढं केलं की झालं, अशी माझी समजूत. हा फोन कुठे आहे ते त्याला त्याच्या फोनवर बसल्या जागी दिसतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

एके दिवशी परीक्षा असल्यामुळे मी शाळेतून लवकर सुटले. सव्वाचारला दार लावून फोन उघडला, तर बापाने एक फोटो पाठवलेला. हिरवं फाटक, भिंतीला टेकवलेली वॉचमनकाकांची सायकल. आमचं फाटक. खाली लिहिलं होतं, धाकटी किती वाजता येते?

चिमणीची शाळेची गाडी साडेचारला तिथेच थांबायची. एकदा मनात आलं, फोन गुपचूप बंद करावा, तो कंटाळून जाईल. असं मनात आलं याची मला अजून लाज वाटते.

मी धावत जाऊन बाईंच्या टेबलावर फोन ठेवला आणि तो फोटो दाखवला. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी गाडीवाल्याला फोन करून चिमणीला थेट पोलीस चौकीत न्यायला सांगितलं, मग पोलिसांना कळवलं. काकांनी फाटकाला कुलूप लावलं. त्यानंतर बाईंनी विचारलं, का लपवलास? मी आईच्या निरोपांचं सांगितलं.

"अगं, पुसायच्या आधी आम्ही सगळं उतरवून ठेवतो," बाई म्हणाल्या. "फोटो, आवाज, सगळं. एकदा विचारायचंस तरी."

पोलीस आले तोवर बाप निघून गेला होता. त्याची जास्तच भीती वाटली, कारण आता तो कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. पत्ता फुटल्यावर इथे राहणं शक्य नव्हतं. लहान मुलींच्या एका घरात एकच जागा निघाली. माझी सोय दुसऱ्या शहरात होणार होती.

सहाला मी बाईंबरोबर चिमणीचे कपडे घेऊन चौकीत गेले. पोलिसांच्या गाडीत बसायला मिळणार म्हणून ती खुशीत होती.

"ताई, तुझी पिशवी कुठंय?"

"मागच्या गाडीत," मी म्हणाले आणि तिच्या स्वेटरची बटणं लावत राहिले.