कोरड्या वर्षाचा तक्ता

बाळंतपणाच्या रजेवरून परतले तेव्हा माझी खुर्ची जागेवर होती, काम मात्र शेजारच्या टेबलावर गेलं होतं. वीजवाहिन्यांचा दहा वर्षांचा आराखडा आता चिमणी करत होती. आवाज बारीक, म्हणून आम्हीच पाडलेलं नाव. माझ्याहून सहा वर्षांनी लहान.

आराखडा करणं म्हणजे किती येतील ते न कळवलेल्या पाहुण्यांचा स्वयंपाक. डोंगरापलीकडे कारखाने येणार म्हणतात. आले तर तारा कमी पडतील, नाही आले तर मनोरे नुसते गंजतील. चिमणीनं तोडगा काढला होता: मनोरे दुहेरी, म्हणजे दोन्ही बाजूंना तारा पेलतील असे उभारायचे, तारा सध्या एकाच बाजूला ओढायच्या. दुसरी बाजू कारखाने आल्यावर.

"याला म्हणतात डोकं!" साहेब म्हणाले. मी हसले. आतून नुसती जळत होते. सोमवारी मंजुरी मिळाली की आराखडा कायमचा तिचा.

घरी बाळाला पाजता पाजता सासूबाईंना सांगितलं.

"बरी युक्ती आहे की."

"तुम्ही तिच्या बाजूच्या का माझ्या?"

"मी बाळाच्या. नीट धर, मान अवघडलीय त्याची."

ते झोपलं की मी तिचा टंकलेला आराखडा चाळायचे. शनिवारी चूक सापडली. पाऊस पडला नाही की जवळच्या धरणाची वीज घटते, आणि त्याच वर्षी उकाड्यानं मागणी वाढते. मग लांबून आणलेल्या विजेचा सगळा भार याच तारांवर. तिनं मात्र धरण एका वर्षी आटवलं होतं आणि उकाडा दुसऱ्या वर्षी ठेवला होता. एकत्र धरलं तर एक बाजू पुरत नव्हती. मला इतका आनंद झाला, की झोपलेल्या बाळाचे गाल मी भराभर चुंबले. लाज वाटावी असा आनंद.

तिला आधी सांगता आलं असतं. नाही सांगितलं. सोमवारच्या बैठकीतच गोड आवाजात विचारलं, "धरण आटणं आणि उकाडा, ही दोन्ही एकाच वर्षी आली तर?"

चिमणीचे कान लाल झाले. "राहिलंच माझ्याकडून."

"एवढी साधी गोष्ट? मूळ तक्ता बघू," साहेब म्हणाले.

तिनं फाईल पुढे सरकवली, अगदी सावकाश. तक्त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं अक्षर माझं होतं. रजेवर जायच्या आदल्या आठवड्यात, पाय सुजलेले असताना, मीच मांडलेली वर्षं. तिनं विश्वासानं एक आकडाही हलवला नव्हता.

"मी तपासायला हवं होतं," ती म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. तेव्हा तर मला तिचा जास्तच हेवा वाटला.

"तक्ता माझा आहे, साहेब," मी म्हणाले. "चूक माझी. मनोऱ्यांची कल्पना तिची, आणि ती बरोबर आहे."

साहेबांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "आठवड्यात दुरुस्त करा. आराखडा तिच्याकडेच राहील. तुम्ही तपासा."

तिच्याकडेच.

बाहेर आल्यावर चिमणी म्हणाली, "ताई, दोन्ही एकत्र कसं धरायचं, दाखवाल?"

अजूनही जळतच होते मी. "खुर्ची ओढ इकडे," म्हटलं, "आणि भरभर लिही. पाचला मला घरी पोचायचंय."